मुदतबाह्य हुशारी

२०१२ साली अमेरिकेत डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला ‘एमकॅटला किती पडले?’ असं विचारलं, की तो ‘थर्टी टू क्यू’ असं काहीतरी सांगायचा. भारतातून नुकत्याच आलेल्या आजीला तो बसचा नंबर वाटला तर नवल नव्हतं. पण ते मेडिकल प्रवेशपरीक्षेचे रीतसर गुण होते. तीन भाग, प्रत्येकी १ ते १५ गुण, मिळून ४५ पैकी ३२. आणि मागचं ‘क्यू’ हे निबंधाचं. निबंधाला आकडा नव्हे, अक्षर मिळायचं, आणि तेही ‘ए’पासून सुरू होणारं नव्हे. ‘जे’ म्हणजे तळ, ‘टी’ म्हणजे कळस. मुलगा हुशार आहे की कसा, हे ठरवायला आधी एबीसीडी मधूनच म्हणून पाहावी लागे.

२०१३ मध्ये निबंध गेला. २०१५ च्या एप्रिलपासून सगळी परीक्षाच नवी आली आणि गुणांची पट्टीही बदलली. आता कमीत कमी ४७२ आणि जास्तीत जास्त ५२८. म्हणजे एकही उत्तर बरोबर आलं नाही, तरी ४७२ गुण पदरात. ‘थर्टी टू क्यू’वाल्यांचं डोकं जागेवर होतं, अभ्यासही केलेला होता, फक्त त्यांचं चलन बाद झालं. आपल्याकडच्या नोटाबंदीच्या दीड वर्ष आधी अमेरिकेने ही गुणबंदी करून दाखवली. फरक इतकाच, की जुने गुण खपवायला तिथे दोन-तीन वर्षं मिळाली आणि बँकेबाहेर रांग लागली नाही.

मुळात ही परीक्षा जन्माला आली ती गळती थांबवायला. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या काही मेडिकल कॉलेजांतून शंभरातली पाच मुलं मध्येच सोडून जायची, तर काहींतून पन्नास. फ्रेड मॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये एक चाचणी तयार केली. तीत तर्क होता, वैज्ञानिक शब्द होते आणि पाहिलेलं-वाचलेलं किती लक्षात राहतं याचीही तपासणी होती. १९४६ पर्यंत गळती ७ टक्क्यांवर आली. त्यानंतर चाचणीचं नाव बदललं, स्वरूप बदललं, वजन वाढलं. आज ती मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांची आहे आणि तिची फी ३०० डॉलरच्या वर आहे. एवढं करून मिळालेले गुण टिकतात किती? तर साधारण दोन ते तीन वर्षं.

इथवर कुणाची तक्रार नाही. पण तीन वर्षं मोजायची कुठून? एखादं कॉलेज अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतं. दुसरं वर्ग सुरू होण्याच्या दिवसापासून मोजतं. तिसरं ‘अमुक सालच्या जानेवारीनंतरचेच’ असं छापून मोकळं होतं. टेक्सासची सामायिक अर्जव्यवस्था तर पाच वर्षांपर्यंतचे गुण चालवून घेते. त्यामुळे एखाद्या मुलीचं जीवरसायनशास्त्र रेड नदीच्या उत्तर काठावर आटलेलं असू शकतं, आणि नदी ओलांडून टेक्सासात पाऊल टाकलं की त्याच ज्ञानाला पुन्हा पाणी येतं. वीस कॉलेजांना अर्ज करणाऱ्याला म्हणून एक तक्ता करून ठेवावा लागतो: कुठे आपण अजून हुशार आहोत आणि कुठे नाही.

त्यात अर्जाची प्रक्रियाच अशी, की गुण रांगेत उभ्या-उभ्या म्हातारे व्हावेत. अर्ज भरायचा मेअखेर किंवा जूनमध्ये, वर्ग सुरू होणार पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये. मध्ये दुय्यम अर्ज, मुलाखती, प्रतीक्षायादी आणि पुष्कळ शांतता. २०२३ च्या प्रवेशासाठी सुमारे ५२ हजारांनी अर्ज केले. जागा मिळाली २३ हजारांहून थोड्या कमी जणांना. उरलेल्यांना सल्ला ठरलेला: ‘अनुभव कमी पडतो, अनुभव घ्या.’ मग तो मुलगा इमर्जन्सी विभागात डॉक्टरांच्या मागे लॅपटॉपची ट्रॉली ढकलत नोंदी टिपणारा ‘स्क्राइब’ होतो, रुग्णवाहिकेवर जातो, प्रयोगशाळेत उंदरांची सरबराई करतो. दोन-अडीच वर्षांत अनुभव चांगला पिकतो, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर गुणांची मुदत संपते.

न्यू जर्सीकडच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात हा प्रकार समजावून सांगणं म्हणजे एक स्वतंत्र मौखिक परीक्षा असते. आरती झाली, प्रसादाच्या रांगेत काकू गाठतात.

‘काय रे, ती परीक्षा दिली होतीस ना? छान पडले होते म्हणे तुझी आई.’

‘हो काकू, पण ते आता धरत नाहीत.’

‘म्हणजे? नापास केलं?’

‘नाही हो. जुने झाले.’

काकूंचा दहावीचा बोर्डाचा निकाल १९८४ चा आहे आणि त्यातले गणिताचे १३८ त्या अजून वापरतात. त्यांना हे पटणं अवघडच. घरी जाताना गाडीत त्या काकांना सांगतात, की काहीतरी लपवतायत हं ही मंडळी.

कॉलेजांचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं नाही. विज्ञान विसरलं जातं. चार वर्षांपूर्वी सेंद्रिय रसायनशास्त्र कोळून प्यायलेल्या माणसाला आज पाठ्यपुस्तकातली कडी पाहून फक्त षटकोन दिसतो. परीक्षाही बदलत राहते, आणि गुण तेच असले तरी त्यांचा पर्सेंटाइल दरवर्षी १ मे रोजी नव्या आकडेवारीवरून ठरतो. इकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, तिकडे एखादी मुलगी काहीही न करता सोफ्यावर बसल्या जागी एका टक्क्याने वर-खाली होते.

पण एका गोष्टीचं उत्तर या समर्थनात सापडत नाही. परीक्षेच्या आताच्या चार भागांपैकी एक भाग निव्वळ वाचनाचा आहे. तत्त्वज्ञान, कला, इतिहास यांवरचे उतारे; ५३ प्रश्न, ९० मिनिटं. दंडक असा, की उताऱ्याबाहेरचं काहीही माहीत असण्याची गरज नाही. म्हणजे विसरण्यासारखं त्यात काही नाहीच. तरीही हे गुण बाकीच्यांबरोबरच निवर्ततात. लिहिलेलं समजण्याची पात्रता तीन वर्षांनी संपते, असा याचा सरळ अर्थ. आणि कॉलेजांची नियमावली वाचायची वेळ आली, की तो खराही वाटतो.

मुदतीचा विषय डॉक्टरांच्याच धंद्यातला आहे, म्हणून त्यांच्या औषधांच्या मुदतीकडे पाहायला हरकत नाही. अमेरिकी लष्कराकडे कोट्यवधी डॉलरची औषधं साठवलेली असतात. मुदत संपली की ती फेकायची, हे परवडेना. म्हणून १९८६ पासून तिथलं अन्न व औषध प्रशासन हा साठा प्रत्यक्ष तपासून मुदत वाढवून देतं. २००६ मध्ये या तपासण्यांचा लेखाजोखा छापून आला: १२२ औषधं, तीन हजारांवर लॉट. त्यांतल्या ८८ टक्के लॉटची मुदत किमान वर्षभराने वाढवता आली. वाढ सरासरी ६६ महिन्यांची. (घरच्या कपाटातल्या गोळ्यांना हे लागू नाही. लष्कराची कोठारं थंड आणि कोरडी असतात, आपलं कपाट गॅसच्या शेगडीवर असतं.) सांगायचं इतकंच, की गोळी बाटलीतून काढून ती अजून चालते का हे पाहण्याची सोय आहे. अर्जदाराच्या बाबतीत ‘जरा बसवून दोन प्रश्न विचारू या’ अशी सोय नाही. साडेसात तासांचं सगळं पुन्हा.

पुन्हा म्हणजे कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, पस्तिशीतली एक श्वसनोपचार तंत्रज्ञ आहे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरची बटणं तिच्या बोटांच्या सवयीची. पेशंटच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की तिला रिपोर्टच्या आधी शंका येते. बारा वर्षांपूर्वीचे तिचे एमकॅटचे गुण उत्तम होते आणि आज शून्याच्या बरोबरीचे आहेत. म्हणून ती सकाळी पावणेआठला परीक्षा केंद्रावर उभी आहे. तळहाताच्या शिरांचं स्कॅनिंग होतं. खिसे उलटे करून दाखवावे लागतात. कच्च्या कामाला कागद नाही, एक प्लास्टिकचं वहीवजा फळकुट आणि मार्कर. कानात घालायला फोमचे बोळे. पडद्यावर पहिला उतारा येतो, आणि तिला आठवायचं असतं, की वीस अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅनचं खुणेचं अक्षर ‘डब्ल्यू’ आणि लायसीनचं ‘के’. हे तिने पंचविशीत पाठ केलं होतं. मधल्या बारा वर्षांत एकाही पेशंटने तिला ते विचारलं नाही.

दिवस संपताना यंत्र एक शेवटचा प्रश्न विचारतं: पेपर तपासू की रद्द करू? विचार करायला पाच मिनिटं. आधीच्या साडेसात तासांत न आलेला घाम या पाच मिनिटांत येतो. रद्द केला तरी तो प्रयत्न हिशेबात धरला जातोच. वर्षात तीन, सलग दोन वर्षांत चार आणि आख्ख्या जन्मात सात, अशी प्रयत्नांची कमाल मर्यादा आहे. गुण तीन वर्षांत मरतात. प्रयत्नांची मोजणी मात्र अमर.

जुन्या गुणांच्या आधाराने मेडिकल कॉलेजात गेलेल्यांत सर्वांत नामांकित माणूस बहुधा ॲलन बाकी. आधी नौदलाच्या मरीन तुकडीत, व्हिएतनामला जाऊन आलेला, नंतर कॅलिफोर्नियात नासाच्या संशोधन केंद्रात इंजिनिअर. तिशी ओलांडल्यावर त्याला डॉक्टर व्हावंसं वाटलं. त्या काळी तिशीपार अर्जदार दिसला, की कॉलेजं नाक मुरडत. आपल्याकडे लग्न जुळवताना मुरडतात तशी. १९७३ मध्ये त्याने डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात अर्ज केला. एमकॅटचे पर्सेंटाइल असे: विज्ञान ९७, भाषा ९६, गणित ९४ आणि सामान्य ज्ञान ७२. होय, तेव्हा भावी डॉक्टरला सामान्य ज्ञानही विचारत. प्रवेश मिळाला नाही. १९७४ मध्ये पुन्हा अर्ज, तेच आकडे, पुन्हा नकार. पहिल्या वर्षी त्याने कॉलेजकडे तक्रारीचं पत्र धाडलं होतं. ते ज्यांच्या नावे धाडलं, ते प्रवेश समितीचे अध्यक्षच दुसऱ्या वर्षी त्याच्या मुलाखतीला बसले, आणि सहा जणांत सर्वांत कमी गुण त्यांनीच दिले: शंभरपैकी ८६. योगायोगच म्हणायचा.

शंभर जागांपैकी १६ जागा अल्पसंख्याक गटांसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यावरून बाकी कोर्टात गेला आणि खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला. राखीव जागांचा तो वाद आपल्याकडच्या वाचकाला नवा नाही आणि इथे तो काढायचाही नाही. मौज वेगळीच आहे. खटला चालू असताना, १९७७ मध्ये, एमकॅट आमूलाग्र बदलली. गुणांची पट्टी गेली, भाग बदलले आणि ज्या एका विषयात बाकी मागे पडला होता तो सामान्य ज्ञानाचा भाग कायमचा काढून टाकला. २८ जून १९७८ रोजी निकाल लागला, पाच विरुद्ध चार. राखीव सोळा जागांची पद्धत रद्द झाली, प्रवेशात वंशाचा विचार करायला मुभा राहिली आणि बाकीला प्रवेश द्यावा असं ठरलं. निकालपत्राच्या तळटीपेत त्याचे चारही पर्सेंटाइल छापले गेले. तोपर्यंत ते गुण किमान पाच वर्षांचे होते, आणि ज्या परीक्षेचे होते ती परीक्षा त्या रूपात जगात उरली नव्हती.

त्या सप्टेंबरात अडतीस वर्षांचा विद्यार्थी वर्गात जाऊन बसला. १९८२ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला आणि मिनेसोटात भूलतज्ज्ञ झाला. ग्लायकोलिसिसच्या पायऱ्या तो मध्यंतरी विसरला होता का, याची चौकशी नऊ न्यायमूर्तींपैकी एकानेही केली नाही. आज तीन वर्षांच्या नियमात अडकलेल्या अर्जदाराला यातून घेण्यासारखी वाट एकच दिसते, पण वकिलांची फी एमकॅटच्या फीपेक्षा बरीच जास्त पडते.

आता आपल्याकडे. भारतात ही भानगड एका फटक्यात मिटवलेली आहे: इथल्या एमबीबीएसला नीटचे गुण त्याच वर्षापुरते. जुने गुण घेऊन अर्ज करण्याचा प्रश्नच नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात ‘मागच्या वर्षी ५६० होते’ असं सांगणारा मुलगा तुम्हाला दर चहाच्या टपरीवर भेटेल. त्या ५६० ची आजची किंमत रिपीटर बॅचच्या फीमध्ये थोडी सवलत, एवढीच. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक वजा; दर मे महिन्यात पाटी कोरी. ब्रिटनमधल्या यूकॅटचंही असंच, एका प्रवेशफेरीपुरतं आयुष्य.

पण नियम म्हटला की पोटनियम आलाच. परदेशात एमबीबीएस करायला जाणाऱ्यालाही २०१८ पासून नीट उत्तीर्ण असणं सक्तीचं आहे, आणि त्या कामासाठी निकाल तीन वर्षं चालतो. म्हणजे गुणपत्रिका एकच, मुलगा एकच, कागदावरचा फोटोही तोच बावरलेला. हा कागद लातूरच्या सरकारी कॉलेजासाठी वर्षात शिळा होतो आणि बिश्केकसाठी तीन वर्षं ताजा राहतो. किर्गिझस्तानचं थंड हवामान इथे कामी येत असावं.

माणसाच्या वयाबाबत मात्र आपण आता उदार झालो आहोत. नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली. त्याच्याही आधी, २०२० ची नीट देऊन ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी वयाच्या ६४ व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल झाले होते. म्हणजे चौसष्टीचा माणूस चालतो, चौदा महिन्यांपूर्वीचे गुण चालत नाहीत.

आणि महाराष्ट्राने तर या क्षेत्रात २०१६ साली स्वतःची भर घातलेली आहे. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की यंदापासूनच नीट. राज्याची एमएचटी-सीईटी आठवड्यावर आलेली, ५ मेला. मुलांनी ती दिली. दिली, पण ती वैद्यकीय प्रवेशाला धरणार की नाही, हे कुणालाच सांगता येईना. ९ मेला न्यायालयाने राज्यांची विनंती फेटाळली आणि वडील मंडळी नीटची पुस्तकं शोधत अप्पा बळवंत चौकात धावली. २४ मेला राष्ट्रपतींची वटहुकुमावर सही झाली, राज्यांना एका वर्षाची सवलत मिळाली आणि सीईटीच्या गुणांत प्राण आला. अमेरिकेत गुण मुदतबाह्य व्हायला तीन वर्षं लागतात. आपल्याकडे जवळपास तीन आठवडे लाखो मुलं अशा गुणांची वाट पाहत होती, जे निकाल लागण्याआधीच मुदतबाह्य झालेले होते.

या सगळ्या मुदती ठरवणाऱ्यांच्या स्वतःच्या मुदतीचं काय, हे कुणी फारसं विचारत नाही. अमेरिकेत फिजिशियन लोकांना प्रमाणपत्र देणारं इंटर्नल मेडिसिनचं एक मंडळ आहे. १९९० मध्ये या मंडळाने ठरवलं, की ज्ञान जुनं होतं, तेव्हा यापुढचं प्रमाणपत्र फक्त दहा वर्षांचं. मग पुन्हा परीक्षा. तरुण डॉक्टरांनी मान डोलावली. आणि १९९० च्या आधी प्रमाणपत्र मिळवलेल्यांचं? त्यांचं आजन्म. त्यांच्यासाठी तिकडे ‘ग्रँडफादर’ असा खास शब्दच रूढ आहे, आणि त्यांतले बहुतेक आता खरोखरच आजोबा आहेत. काही अजून ओपीडी पाहतात, काही शिकवतात. एखादे प्रवेश समितीवर असतात. स्वतः सामान्य ज्ञानाची एमकॅट दिलेले, पट्टी बदलल्यामुळे आज कुणालाही अर्थ लागणार नाही अशा गुणांवर आत आलेले ते गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून समोरचा अर्ज पाहतात, २०२१ सालच्या गुणांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, ‘बाकी सगळं उत्तम आहे. हे जरा जुने वाटतात.’